चौथ्या काचेचं ऊन

आम्ही भावंडं चार, पण डहाणूचं घर तिघांचंच. ताई, दादा आणि अण्णा त्या घरात वाढले. वडील पोस्टात होते. डहाणूहून त्यांची सोलापूरला बदली झाली आणि तिथे बिऱ्हाड लागतं न लागतं तोच मी जन्मले. शेंडेफळ म्हणून लाड पुष्कळ झाले, नाही असं नाही. पण जेवायला बसल्यावर कुणी "डहाणूला असताना" अशी सुरुवात केली, की माझा घास कडू व्हायचा.

चिकूच्या वाडीतला बंगला. पुढच्या बाजूला मालक, इराणी शेठ. मागच्या तीन खोल्यांत आम्ही, म्हणजे ते. मधल्या खोलीला पश्चिमेकडे दाराएवढी उंच खिडकी आणि तिला चार मोठ्या रंगीत काचा. शाळेतून येईपर्यंत उन्हं कलायची आणि खिडकीतून चार रंग जमिनीवर उतरायचे. ताई हिरव्यात बसायची, दादा लालमध्ये, अण्णा निळ्यात. दुसऱ्याच्या रंगात नुसता अंगठा गेला तरी मारामारी. हे सगळं मी शंभरदा ऐकलंय. "आणि चौथ्यात कोण बसायचं?" असं मी विचारलं, की दादा म्हणायचा, "तू नव्हतीस."

आता हे काय उत्तर झालं? मी ताटावरून उठून जायची. चौथी काच कोणत्या रंगाची होती, हेसुद्धा मला कधी कळलं नाही, कारण गोष्ट तिथपर्यंत येईतो मी न्हाणीघरात जाऊन रडत असायची.

दादा गेला, मागोमाग अण्णाही गेला. ताई पुण्याला लेकीकडे असते. तिच्या गुडघ्यांनी केव्हाच संप पुकारलाय. दिवाळीला भेटले तेव्हा म्हणाली, "तू एकदा जाऊन बघून ये गं. माझ्या डोक्यातलं पुसट व्हायला लागलंय. मी गेले की ते घर कुणालाच ठाऊक राहणार नाही." मी म्हटलं, "मला कशाला सांगतेस, मी थोडीच होते तिथे!" म्हटलं खरं, पण पौष महिन्यात थैली भरली आणि निघाले. घर सापडावं आणि त्या खिडकीच्या उन्हात मला एकदा बसायला मिळावं, एवढीच इच्छा होती. साठीला टेकलेल्या बाईने कुणाला सांगू नये अशी इच्छा आहे, पण होती.

डहाणू

सोलापूरकडची जुनी घरं रस्त्याला पाठ करून बसतात. जाड भिंती, वर माळवद, आत काय चाललंय ते बाहेर कळू द्यायचं नाही. डहाणूची घरं पाहिली आणि मला आधी संकोचच वाटला. इथलं घर ओटा पुढे करून रस्त्याशी गप्पा मारत बसलेलं. कौलांच्या कडेला लाकडी झालर, इतकी बारीक कोरलेली, की सुताराने ती सुईनेच केली असावी. ओट्यावर पितळी कड्यांचा झोपाळा. दाराच्या दोन्ही बाजूंना उंबऱ्याजवळ चुन्याचे ठसे, मासे आणि फुलं. आणि सगळ्यांवर चिकूच्या झाडांची गर्द सावली, भर दुपारीसुद्धा दिवेलागण झाल्यासारखी.

मी खाडीजवळ एका कोळी कुटुंबाकडे खोली घेतली होती. अंगणात बांबूवर बोंबील वाळत टाकलेले. पहिल्या रात्री त्या वासाने झोप लागेना, दुसऱ्या दिवशी त्याच बोंबलांची आंबट घालून केलेली चटणी मी दोनदा मागून घेतली. मालकीणबाई म्हणाल्या, "सोलापूरच्या ना तुम्ही? मग तिखटाला काय घाबरता, खा अजून." तिखटाला मी घाबरत नाहीच. पण घाटावरच्या बाईला तिखटावरून चिडवायचं, हा बहुधा इथला पाहुणचार असावा.

रिक्षावाला भावेश मला तीन दिवस घेऊन फिरला. घरी गुजराती, गिऱ्हाइकाशी मराठी, रिक्षाशी हिंदी असा त्याचा कारभार. रिक्षा बंद पडली की तिला "चल ना यार" म्हणायचा. मी त्याला सगळं सांगितलं: वाडी, बंगला, मागच्या बाजूला खोल्या, रंगीत काचा. तो हसला. "ताई, असे बंगले इथे चिक्कार. एकेक बघत जाऊ, चालेल?"

तसे आम्ही एकेक बघत गेलो. लोक मोठे मोकळे. "आमचं घर बघायला आलात? या ना," म्हणून आत नेत. एका घरात फुलाफुलांच्या फरशा होत्या, त्यांवर चप्पल सोडाच, पाय ठेवायलाही जीव होईना. दुसऱ्या घरात जिन्याचा कठडा इतका गुळगुळीत झालेला, की किती पोरं त्यावरून घसरली असतील ते सांगायला नको. आमच्या पोरांना असा कठडा कुठे मिळाला!

तिसऱ्या बंगल्याच्या मालकीण खोरशेदबाई. ऐंशीच्या पुढच्या, पाठ ताठ, डोक्याला पांढरा रुमाल. त्यांच्या मागच्या खोलीत रंगीत काचांची खिडकी होती. पश्चिमेचीच. ऊन आत आलं होतं. मला पुढचं काही दिसेनासं झालं. मी चक्क खाली बसले आणि रडायला लागले. रडत रडतच ताईला फोन लावला.

"ताई, सापडलं गं घर!"

"ओट्याला पायऱ्या किती?" ताईचा पहिला प्रश्न.

"सात."

"खिडकीतून विहीर दिसते?"

मी डोळे पुसून पाहिलं. "नाही. भिंत आहे."

"मग दुसऱ्याच्या घरात बसून काय रडतेस? ऊठ आधी."

मी उठले. खोरशेदबाई दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. पुदिना आणि गवती चहा घातलेला चहा त्यांनी पुढे केला आणि झोपाळ्यावर माझ्या शेजारी बसल्या. "रडली तर काय झालं? या घरात आता कोण रडते पण नाय. पोरं सगळी परदेशात." वडील पोस्टात होते हे मी सांगितलं, तशा विचार करून म्हणाल्या, "पोस्टमास्तर पाठीमागे राहत होते नी, विहीरवाला बंगला? मला माहीत आहे. ते तर कधीच उतरवलं."

"पाडलं?"

"पाडलं नाय, डिकरा. उतरवलं." त्यांनी हाताने दाखवलं, डोक्यावरचा हंडा हळूच खाली ठेवावा तसं. इथली रीतच अशी, असं त्या म्हणाल्या. जुन्या घराचं सागवान लोखंडासारखं असतं, त्यावर घण कोण घालणार? आधी कौलं उतरवायची, मग वासे, मग खांब, दारं, खिडक्या. ज्याला जे हवं ते तो घेऊन जातो आणि आपल्या घराला लावतो. विहीरवाल्या शेठच्या मुलांनी वाडी विकली तेव्हा घर असंच गेलं. "त्याचा मोठा दरवाजा कैनाडला आहे, मी बघितला एकदा लग्नाला गेली तेव्हा. खिडकीचं मला माहीत नाय."

मी चहा तसाच ठेवला. मनात आलं, परत जावं. घरच नाही तर बघायचं काय? रात्री ताईला हे सांगायचा धीर झाला नाही. "शोधतेय अजून," एवढंच म्हटलं. ती म्हणाली, "दमू नकोस." मला अगदी पोरकं वाटलं. जे घर मला कधी मिळालंच नव्हतं, ते आता गेलंही होतं.

कैनाड

दरवाजा लांबूनच ओळखू आला, कारण तो त्या घराचा नव्हताच. भाताची शेती असलेल्या एका साध्या माणसाचं बुटकं घर आणि त्याला हत्तीसाठी करावं तसं दार. घरमालक अंगणात पेंढा रचत होते. मी कशासाठी आले ते ऐकून त्यांनी हातातली पेंढी टाकली.

"म्हणजे हे दार तुमचं?"

"आमचं नाही, शेठचं. आम्ही भाडेकरू."

"तरी पण. तुमची माणसं ह्याच्यातनं आत-बाहेर करायची ना?" त्यांनी घरात हाक मारली, "अगं, दाराच्या घरची माणसं आल्यात!" आणि मी दाराची पाहुणी झाले. त्यांच्या बायकोने माझ्या हातावर गूळ ठेवला, पाणी दिलं.

दाराला माशाच्या आकाराची पितळी कडी होती. ही कडी माझ्या ऐकण्यातली. अण्णा तिला "मासोळी" म्हणायचा आणि आत येताना तिच्या तोंडात बोट घालायचा. मीही घातलं. मासोळीचं तोंड आतून अगदी गुळगुळीत होतं. माझा नवरा पूर्वी मला म्हणायचा, तू नसलेल्या गोष्टींसाठी फार रडतेस. मी या वेळी रडले नाही, पण बोट काढायला मात्र उशीर केला.

"बाकीचं कुठे गेलं, सांगता येईल?" मी विचारलं.

"खांब कुठं कुठं गेले, काय सांगता येत नाय. खिडकी झरीला हाय. शेठच्या वाडीवर कामाला व्हता त्या वारली माणसानं नेली. तो माणूस वारला आता, सून असते. घर विचारायला लागायचं नाय तुम्हाला. एका बाजूनं उचललेलं घर दिसलं की थांबा."

भावेशने माझ्याकडे पाहिलं. मी रिक्षात बसलेसुद्धा होते.

झरी

घर खरंच एका बाजूने उचललेलं होतं. खिडकी पुरुषभर उंच आणि कुडाची भिंत छातीएवढी. तिला बसवायची म्हणून तेवढी भिंत वाढवलेली, भिंतीसाठी छप्पर वर घेतलेलं. कारवीच्या काड्यांवर शेणमातीचा गिलावा आणि त्यात कोरीव सागवानी चौकट. शेजारी सरकारी घरकुलाचं पक्कं घरही उभं होतं, पण त्याच्याकडे कोण बघतंय!

सुनेचं नाव जेठीबाई. माझ्याच वयाच्या. त्या सुपात उडीद पाखडत होत्या. मी येण्याचं कारण सांगितलं तर त्यांनी सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे टक लावून पाहत राहिल्या.

"पोस्टमास्तरची पोर?"

"हो. धाकटी."

"सासरा सांगं, पोस्टमास्तरची पोरं भारी भांडखोर."

मी आत गेले. आणि पुन्हा हिरमुसले. खोलीत काळोख. खिडकी होती, पण ऊन नव्हतं. भर दुपार टळलेली, सूर्य घराच्या मागे. म्हाताऱ्याने खिडकी पूर्वेच्या भिंतीत बसवली होती.

"इकडं का बसवली?" मी जरा चिडूनच विचारलं. जणू त्यांनी माझ्या परवानगीशिवाय बसवली!

जेठीबाई शांतपणे म्हणाल्या, "सकाळचं ऊन पायजे ना घरात. थंडीत पोरा काकडत. दुपारचा ऊन कोणाला पायजे?" आणि मग, "उद्याच्याला ये. दिस उगवायच्या येळेला."

दुसऱ्या दिवशी मी उगवतीला तिथे हजर. चुलीवर कोरा चहा उकळत होता. जेठीबाईंनी तांदळाची भाकर आणि सुकट समोर ठेवली. भाकर मोडेपर्यंत सूर्य ताडाच्या झाडांवर आला आणि सारवलेल्या जमिनीवर एकेक रंग उतरला. आधी लाल, मग त्याच्या बाजूला निळा, मग हिरवा. दादाच्या लालमध्ये एक कोंबडी जाऊन बसली. मला हसू आलं. बाई गं, इतकं साधं होतं हे? आणि इतकं सुंदर?

चौथा चौकोन मात्र नुसत्या उन्हाचा होता. पांढरा. काच साधी होती.

"ती फुटली," जेठीबाई म्हणाल्या. "बंगला उतरवला तवाच. सासरा पोचला तर जागा रिकामी. मग बाजारातली बशिवली. त्याला लय वाईट वाटं. बोलं, एक रंग राहिला."

"कोणता होता, ते सांगितलं नाही त्यांनी?"

"त्याला काय माहीत? तो कवा आत गेला बंगल्यात?" त्यांनी चुलीत लाकूड सारलं. "वाडीत झाडांना पाणी सोडायचा, खिडकीच्या खालीच. भायेरून काचा काळ्याच दिसत. आत पोरा भांडत, माझा लाल, माझा हिरवा. तो बोलं, मी ऐकत ऱ्हायचो, ही पोरा कशावर भांडतात ते काय कळायचा नाय. म्हणून बंगला उतरवला तवा लोकांनी लाकडा नेली, ह्यानं खिडकी मागली. बशिवली त्या सकाळी इथं बसला. दुपारपरत उठला नाय."

मी भाकर खाली ठेवली. आजवर मला वाटायचं, त्या खिडकीबाहेर मी एकटीच उभी आहे. माझ्याही आधीपासून तिथे एक माणूस पाण्याचा पाट धरून उभा होता, आणि त्याने तर कुणावर रुसवाही धरला नव्हता.

"तुला माहीत असंल ना," जेठीबाईंनी विचारलं. "कुठला रंग व्हता?"

मला माहीत नव्हतं. साठ वर्षं ताटावरून उठून गेल्याचं हे फळ. मी ताईला फोन लावला. रेंज दारात आणि अंगणातल्या शेवग्याखाली तेवढी येत होती, मी शेवग्याखाली गेले.

"ताई, खिडकी सापडली. रडत नाहीये, खरीच सापडली. चौथी काच कोणत्या रंगाची होती?"

पलीकडे ताईने लेकीला टीव्ही बंद करायला सांगितलं.

"पिवळी," ताई म्हणाली.

"तिच्यात कोण बसायचं?"

"कुणी नाही. आई बसू द्यायची नाही. तिला सातवा लागला होता ना तेव्हा. म्हणायची, ही जागा येणाऱ्याची. अण्णा एकदा गुपचूप जाऊन बसला तर त्याला कान धरून उठवलं होतं. मग बदली झाली. सामान बांधलं त्या दिवशीसुद्धा आई तेवढ्यात ती जागा सारवून आली. आम्ही हसलो तिला."

शेवग्याची फुलं खाली गळत होती.

"हे तू मला आजवर सांगितलं का नाहीस?"

"तू थांबायचीस कुठे ऐकायला? 'तू नव्हतीस' म्हटलं की तुझं नाक लाल. दादा मुद्दाम म्हणायचा, तुझी मजा बघायला. पुढचं सांगायला तू जागेवर असायला नको?"

मी आत गेले. जेठीबाईंना म्हटलं, "पिवळा." आणि आई काय म्हणायची तेही सांगितलं. त्यांनी उठून फळीवरचा डबा काढला. वाटीत हळद घेतली, तेल घालून बोटाने कालवली आणि खिडकीशी जाऊन ती चौथ्या काचेला आतून चोपडायला लागल्या. नवऱ्या मुलीच्या गालाला लावावी तशी, हलक्या हाताने, कोपऱ्या-कोपऱ्यांतसुद्धा. मग पदराला हात पुसून बाजूला झाल्या.

जमिनीवर चौथा रंग उतरला. एकसारखा नव्हता, बोटांच्या रेघा दिसत होत्या. पण पिवळा होता.

"बस," जेठीबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, आधी तुम्ही बसा, तुमच्या सासऱ्यांची खिडकी. त्या म्हणाल्या, "आमी रोज बसतो. तुझी जागा हाय ती, तू बस." भावेशने माझ्या फोनवरून ताईला व्हिडिओ कॉल लावला, दारात जिथे रेंज येत होती तिथे उभा राहिला, आणि तिला चित्र दिसेल असा फोन धरला. मी गुडघ्यांना हात लावत, जमिनीचा आधार घेत, पिवळ्यात बसले. माझे हात पिवळे, साडीचा काठ पिवळा. आईची फार आठवण झाली. तिने ही जागा सारवली होती, मी यायच्या आधी.

फोनवर ताईचा चेहरा एवढासा दिसत होता. तिने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. लाल बघितला, कोंबडी बघितली, निळा बघितला. मला वाटलं, आता ही रडणार. डोळ्यांना पदर लावलाही तिने. मग एकदम तिचा तोच आवाज आला, जो मी जन्मभर दुसऱ्यांच्या गोष्टीत ऐकला होता.

"ए, पाय काढ. माझ्या हिरव्यात आलाय तुझा पाय."

मी पाय आखडून घेतला.